एका गावातील दोन खटले

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात मन्रोव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. जगाला ते ठाऊक झाले एका कादंबरीमुळे. हार्पर ली ह्या लेखिकेचा जन्म १९२६ साली ह्याच गावी झाला आणि २०१६ साली तिने देह ठेवला तोही येथेच. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ह्या कादंबरीतील मेकोंब हे गाव म्हणजे नाव बदललेले मन्रोव्हिलच होय. जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. दरवर्षी वसंत ऋतूत गावची हौशी मंडळी कादंबरीचे नाट्यरूप सादर करतात. खटल्याचा प्रवेश त्या न्यायदालनातच रंगतो आणि ज्यूरीच्या बाकांवर प्रेक्षकांतलीच माणसे बसवली जातात.

ह्याच गावी १ नोव्हेंबर १९८६ रोजी कपडे धुण्याच्या दुकानात काम करणाऱ्या अठरा वर्षांच्या एका गोऱ्या मुलीचा खून झाला. काही महिन्यांनी त्या खुनासाठी वॉल्टर मॅकमिलियन ह्या कृष्णवर्णीय माणसाला पकडण्यात आले. त्याला देहान्ताची शिक्षा झाली, आणि १९९३ साली तो निर्दोष म्हणून बाहेर आला. त्याचे वकील ब्रायन स्टीव्हन्सन ह्यांनी २०१४ साली ‘जस्ट मर्सी’ ह्या पुस्तकात ही हकिकत सांगितली. एक कादंबरी आणि एक सत्यकथन अशी ही दोन पुस्तके आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर पहिल्या पुस्तकावरील आपले प्रेम थोडे तपासून घ्यावे लागते. ते प्रेम खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या गावाने ते पुस्तक डोक्यावर घेतले, त्याच गावाला मॅकमिलियनच्या खटल्यात वावगे काही दिसले नाही, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही.

कादंबरीचे कथानक बहुतेक वाचकांस परिचित असेल. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. अ‍ॅटिकस फिंच हा विधुर वकील, त्याची जेम आणि स्काउट ही दोन मुले, आणि टॉम रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय शेतमजूर. मायेला युएल ह्या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप टॉमवर आहे. त्याचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. मायेलाला झालेली मारहाण डावखुऱ्या माणसाने केलेली आहे आणि तिचा बाप डावखुरा आहे. टॉम निरपराध आहे ह्याबद्दल वाचकाला शंका राहत नाही. ज्यूरीलाही ती नसावी. तरीही ती टॉमला दोषी ठरवते.

ह्या खटल्यात एक क्षण असा आहे की, तेथे हार्पर ली श्रेष्ठ लेखिका ठरते. टॉम साक्ष देतो आहे. मायेलाची कामे तू फुकट का करत होतास, असे सरकारी वकील त्याला विचारतो. तिची दया येत होती, असे टॉम सांगून बसतो. न्यायदालनात एकदम स्तब्धता पसरते. कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या स्त्रीची दया यावी, हाच खरा गुन्हा. दया वरून खाली वाहते. ती खालून वर गेली की समाजाची उतरंड उलटी होते. टॉमचा निवाडा त्या वाक्यालाच लागला आहे, आणि लेखिकेने ते कोणतेही भाष्य न करता दाखवले आहे. मिशनरी मंडळाच्या चहापानाचा प्रसंगही असाच. दूर आफ्रिकेतील एका जमातीच्या दैन्याने तेथील बायकांचे डोळे पाणावतात आणि त्याच दमात आपल्या काळ्या मोलकरणींची तोंडे खटल्यापासून फुगलेली आहेत अशी कुरकूरही चालते. आपल्या धर्मग्रामांतील मंडळांनी हा प्रसंग एकदा मोठ्याने वाचावा असे मला नेहमी वाटत आले आहे.

परंतु ह्या चहापानाच्या वेळीच अ‍ॅटिकस घरी येतो आणि स्वयंपाकघरात सांगतो की टॉम मारला गेला. तुरुंगाच्या आवारातून तो पळू पाहत होता. पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. सतरा गोळ्या लागल्या. टॉमचा मृत्यू आपण पाहत नाही, तो आपल्या कानांवर येतो. सबंध कादंबरीत टॉम स्वतःच्या तोंडाने बोलतो तो मुख्यतः साक्षीच्या त्या एका प्रकरणात. त्याला पत्नी आहे, तीन मुले आहेत. त्यांच्या घरात मात्र आपण उंबऱ्यापर्यंतच जातो. कारण गोष्ट सांगणारी स्काउट ही अ‍ॅटिकसची मुलगी आहे. तिच्या दृष्टीने ह्या खटल्यात पणाला लागले आहे ते बापाचे सत्त्व. वाचकही नकळत तेथेच येऊन बसतो. टॉम हरतो, परंतु अ‍ॅटिकस जिंकतो, आणि पुस्तक मिटताना आपल्यासोबत राहतो तो अ‍ॅटिकस. १९६२ सालच्या चित्रपटात ग्रेगरी पेकने ही भूमिका केली आणि तिच्यासाठी त्याला ऑस्कर मिळाले. तेव्हापासून तर अ‍ॅटिकसचा चेहराही ठरून गेला.

आता शेवटाकडे पाहू. सूडाने पेटलेला बॉब युएल मुलांवर हल्ला करतो. शेजारच्या घरात वर्षानुवर्षे कोंडून राहिलेला बू रॅडली त्यांना वाचवतो आणि त्या झटापटीत बॉब मारला जातो. गावचा शेरीफ हेक टेट ठरवतो की बॉब स्वतःच्याच सुरीवर पडून मेला असे नोंदवायचे. अ‍ॅटिकस आधी विरोध करतो, मग मान्य करतो. लाजऱ्या, निरुपद्रवी माणसाला चव्हाट्यावर आणू नये हा विचार दयाळूपणाचा आहे आणि वाचताना आपले डोळे भरून येतात. तरीही विचारावेसे वाटते: शेरीफच्या हाती इतकी सवड होती, तर ती टॉमच्या वाट्याला का आली नाही? टॉमला अटक करण्यापूर्वी ह्याच शेरीफने मायेलासाठी डॉक्टरदेखील बोलावला नव्हता. अ‍ॅटिकसने उलटतपासणीत हे स्वतःच उघड केले आहे. म्हणजे कायद्याची दोरी एकासाठी आवळली जाते आणि दुसऱ्यासाठी सैल सोडली जाते. कादंबरी दोन्ही गोष्टी दाखवते. मात्र पहिलीला ती अन्याय म्हणते आणि दुसरीला माणुसकी. ह्या दोन्ही एकाच अधिकाराच्या दोन बाजू आहेत, हे तिच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

‘जस्ट मर्सी’ उघडले की आपण अगदी निराळ्या प्रदेशात येतो. स्टीव्हन्सन हे हार्वर्डमध्ये शिकलेले कृष्णवर्णीय वकील. त्यांनी १९८९ साली अलाबामाच्या राजधानीत, माँटगोमेरी येथे, गरीब कैद्यांना विनामूल्य कायदेसाहाय्य देणारी संस्था स्थापन केली. त्यांच्या लेखणीला हार्पर लीचे लावण्य नाही. वाक्ये साधी, क्वचित कोरडीही. भावनेचा प्रसंग आला की ते थोडे अधिक सांगतात. शेरीफ आणि सरकारी वकील ह्यांच्या मनात शिरण्याचा प्रयत्नही ते फारसा करत नाहीत. मॅकमिलियनची कथा आणि इतर कैद्यांच्या कथा ते आलटून पालटून सांगतात. त्यामुळे मुख्य कथेचा धागा वारंवार तुटतो. ही उणीव आहेच. तरीही हे पुस्तक मला अधिक कठोर वाटते. ते वाचकाला बसायला सोयीची जागा देत नाही.

मॅकमिलियन हा कागदाच्या लगद्यासाठी लाकूड तोडण्याचा स्वतःचा लहानसा व्यवसाय करणारा माणूस. गावात त्याचे नाव एका विवाहित गोऱ्या बाईशी जोडले गेले होते आणि तेवढ्याने तो अनेकांच्या डोळ्यांवर आला होता. खून झाला त्या सकाळी त्याच्या घरापुढे चर्चसाठी पैसे जमवण्याकरिता मासे तळून विकण्याचा कार्यक्रम चालला होता. तो तेथे होता हे सांगणारी डझनावारी माणसे होती. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी एका पोलिसाने तेथे खाद्यपदार्थ विकत घेतले होते आणि तशी नोंदही केली होती. परंतु साक्षीदार कृष्णवर्णीय होते. त्यांचे पाहणे हे पाहणे धरले गेले नाही. १९८७ साली अटक झाल्यावर, खटला उभा राहण्याच्या वर्षभर आधी, त्याला देहान्ताच्या कैद्यांच्या कोठडीत ठेवण्यात आले. निकालाआधीच शिक्षेची जागा दाखवण्याचा हा प्रकार कादंबरीत कोणी लिहिला असता, तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते.

खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांचे नाव रॉबर्ट ई. ली की. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सेनापतीचे नाव त्यांच्या पाळण्यातच ठेवले गेले होते. योगायोग असा की प्रत्यक्षातील शेरीफचेही आडनाव टेटच होते. मन्रो काउंटीत कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी. खटला हलवण्यात आला तो बाल्डविन काउंटीत, जेथे ती अगदी अल्प होती. ज्यूरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय. आपल्याकडे ज्यूरीची पद्धत केव्हाच इतिहासजमा झाली, म्हणून वाचकांना सांगायला हवे की बारा जणांची ही निवड होताना वकिलांना काही माणसे नाकारता येतात, आणि बराचसा खटला तेथेच जिंकला किंवा हरला जातो. १९८८ साली दीड दिवसात सारे आटोपले. ज्यूरीने जन्मठेप सुचवली. न्यायाधीशांनी ती बाजूला सारून देहान्ताची शिक्षा दिली. अलाबामाच्या कायद्याने त्यांना तो अधिकार होता. तो काढून घेण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

मुख्य साक्षीदार हा स्वतःच दुसऱ्या एका खुनाच्या प्रकरणात अडकलेला गोरा माणूस होता. त्याच्या जबाबाची ध्वनिफीत स्टीव्हन्सन ह्यांच्या हाती आली. ती संपल्यावर त्यांनी उलटी करून लावली. दुसऱ्या बाजूला तोच साक्षीदार तक्रार करत होता की, निरपराध माणसाला गोवायला मला लावले जात आहे. बचावपक्षाला हे कधी कळवलेच नव्हते. पुराव्याची अशी दडपणूक झाल्याच्या कारणावरून अलाबामाच्या फौजदारी अपील न्यायालयाने फेब्रुवारी १९९३ मध्ये शिक्षा रद्द केली, आणि मार्चमध्ये मॅकमिलियन घरी आला. आयुष्याची सहा वर्षे गेली होती. पुढे त्याने भरपाईसाठी काउंटीवर दावा केला. १९९७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, शेरीफ हा ह्या कामापुरता राज्याचा अधिकारी आहे, त्यामुळे काउंटीला जबाबदार धरता येत नाही.

ह्या साऱ्यात बॉब युएल कोण, असा प्रश्न कादंबरीच्या वाचकाला पडेल. खलपुरुष कुठे आहे? माझ्या मते दोन्ही पुस्तकांतला खरा भेद हाच. कादंबरीने अन्यायाला एक चेहरा दिला आणि तो गावाच्या उकिरड्याशेजारी राहणाऱ्या दारुड्या, आळशी माणसाचा दिला. सभ्य मेकोंबला त्यामुळे स्वतःचे हात स्वच्छ वाटू शकतात. स्टीव्हन्सन ह्यांच्या पुस्तकात असा सोयीचा माणूस नाही. तेथे कारकून आहेत, अर्ज आहेत, मुदती आहेत, वेळेवर न पोहोचलेली कागदपत्रे आहेत, काम उरकणारे न्यायाधीश आहेत. प्रत्येकाने आपापला तुकडा शिवला आणि शेवटी पाहिले तर वस्त्र कफनाचे निघाले.

१९८७ हे साल येथे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्यातील मॅक्लेस्की ह्या कैद्याच्या प्रकरणाचा निकाल दिला. दोन हजारांहून अधिक खटल्यांचा अभ्यास न्यायालयापुढे ठेवण्यात आला होता. मृत व्यक्ती गोरी असेल, तर आरोपीला देहान्ताची शिक्षा होण्याची शक्यता, मृत व्यक्ती कृष्णवर्णीय असताना असते त्याच्या चौपटीहून अधिक असते, असे त्यात दिसले होते. न्यायालयाने हे आकडे खरे धरून चालूनही, पाच विरुद्ध चार मतांनी, अपील फेटाळले: ह्या विशिष्ट खटल्यात, विशिष्ट माणसाच्या मनात वंशद्वेषाचा हेतू होता हे सिद्ध करा. म्हणजे न्यायालयालाही बॉब युएलच हवा होता. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले की, आपले मत आता आपण बदलले असते. मॅक्लेस्कीला १९९१ साली विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले होते.

दोन दृश्ये शेजारी ठेवतो. कादंबरीत निकाल लागल्यावर अ‍ॅटिकस एकटाच न्यायदालनाबाहेर जातो, तेव्हा वरच्या सज्ज्यात बसलेले सारे कृष्णवर्णीय त्याच्या सन्मानार्थ उभे राहतात. स्काउटलाही त्यांचे पाळक उभे राहण्यास सांगतात. हा प्रसंग वाचून ज्याचा कंठ दाटला नाही असा वाचक विरळा. ‘जस्ट मर्सी’मध्ये मॅकमिलियनच्या फेरसुनावणीच्या दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या दारात धातूशोधक यंत्र आणि एक मोठा पोलीस-कुत्रा आणून ठेवलेला असतो. कृष्णवर्णीयांपैकी मोजक्यांनाच आत सोडण्यात येते. त्या मोजक्यांत एक वृद्धा असते. १९६५ साली सेल्मा येथील मोर्चात तिने पोलिसांचे कुत्रे अंगावर आलेले पाहिलेले असतात. तिचे पाय दारातच थिजतात आणि ती रडत माघारी जाते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येते. स्वतःशी पुटपुटत कुत्र्याच्या पुढून आत जाते. न्यायाधीश स्थानापन्न होतात, सारे खाली बसतात. ती मात्र उभीच राहते आणि मोठ्या आवाजात आपण हजर असल्याचे सांगते. ती कोणाच्या सन्मानार्थ उभी नाही. पहिल्या दृश्याची गोडी मला नाकारता येत नाही. पण दुसरे वाचल्यानंतर पहिले पूर्वीसारखे वाचता येत नाही, हेही खरे.

हार्पर लीवर अन्याय होऊ नये म्हणून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गो सेट अ वॉचमन’चा उल्लेख केला पाहिजे. यशयाच्या ग्रंथातील एकविसाव्या अध्यायातून नाव घेतलेली ही कादंबरी ‘मॉकिंगबर्ड’च्या आधी लिहिलेली होती. हिच्यात स्काउट सव्वीस वर्षांची आहे आणि बाप गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी भरलेल्या सभेत बसलेला तिला दिसतो. कॅलपर्निया ह्या जुन्या मोलकरणीच्या नातवाच्या मोटारीखाली एक गोरा माणूस मेला आहे. अ‍ॅटिकस त्या मुलाचे वकीलपत्र घेतो, पण कशासाठी? कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या वकिलांना गावात शिरकाव मिळू नये म्हणून. रचनेच्या दृष्टीने ही कादंबरी कच्ची आहे, तिच्यातील चर्चा कंटाळवाण्या आहेत. अनेक चाहते तिच्यावर रागावले. आपला देव कोणीतरी बाटवला असे त्यांना वाटले. मला मात्र हा अ‍ॅटिकस आधीच्या अ‍ॅटिकसचा शत्रू वाटत नाही. न्याय हा आपण देण्याची वस्तू आहे, समोरच्याने मागण्याची नव्हे, ही समजूत दोघांचीही आहे. पहिल्यात ती शोभून दिसते, कारण तेथे मागणारा कोणी उभाच राहत नाही.

गोष्ट कोण सांगतो ह्यावर अन्यायाचे रूप किती बदलते, हे मराठी वाचकाला नव्याने शिकावे लागू नये. लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, परंतु पोलिसांच्या नजरेतून गेला नाही. अमेरिकेतील वर्ण आणि आपल्याकडील जात ह्या एक गोष्टी नव्हेत आणि त्यांची घाईने सांगड घालणे मला मान्य नाही. मुद्दा निवेदकाचा आहे. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये वकिलाची मुलगी बोलते, ‘जस्ट मर्सी’मध्ये वकील स्वतः बोलतो, आणि ‘उचल्या’मध्ये ज्याच्या झोपडीवर धाड पडते त्या घरातले पोर बोलते. तेथे कोणी अ‍ॅटिकस येत नाही, आणि येईल अशी वाटही कोणी पाहत नाही.

स्टीव्हन्सन हे वकील असल्याने ह्या शेवटच्या जागेवर पोहोचू शकत नाहीत. परंतु एका प्रसंगी ते तिच्या अगदी जवळ येतात. अटलांटा येथे रात्री आपल्याच घरापुढे गाडीत बसून ते गाणे ऐकत असताना पोलीस त्यांच्यावर पिस्तूल रोखतात आणि झडती घेतात. कायद्याचे सारे ज्ञान त्या क्षणी निरुपयोगी असते. पळावे असे त्यांना क्षणभर वाटले होते. पळणाऱ्या टॉमच्या अंगात किती गोळ्या होत्या ते आपल्याला ठाऊक आहे.

ख्रिस्ती वाचकाला ह्या पुस्तकातील एक भाग विशेष जवळचा वाटेल. न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयात स्टीव्हन्सन ह्यांना एक वृद्ध कृष्णवर्णीय स्त्री भेटते. तिच्या सोळा वर्षांच्या नातवाचा खून झाला होता. खून करणाऱ्या पोरांना जन्माचा तुरुंग ठोठावला गेला तेव्हा आपले दुःख हलके होईल असे तिला वाटले होते. ते उलट वाढले. तेव्हापासून ती न्यायालयात येऊन बसते. बळी पडलेल्यांचे असोत वा आरोपींचे, रडणाऱ्या नातलगांना ती आपला खांदा देते. योहानलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील प्रसंग आपण पुष्कळदा ऐकलेला आहे. दोषी स्त्रीभोवती जमलेली माणसे एकेक करून निघून जातात. स्टीव्हन्सन ह्यांचे म्हणणे असे की, आजची माणसे निघून जात नाहीत, ती दगड भिरकावतात. म्हणून कोणीतरी मध्ये उभे राहून ते दगड झेलले पाहिजेत. प्रवचनात ही कल्पना सहज गोड होऊन गेली असती. येथे ती तशी होत नाही, कारण झेलणाऱ्या हातांना काय होते तेही लेखकाने लपवलेले नाही. एका मतिमंद, बोलताना अडखळणाऱ्या कैद्याची देहान्ताची शिक्षा थांबवण्यात अपयश आल्यानंतर, हे काम सोडून द्यावे, असे त्यांच्या मनात येते. पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक पाने तीच आहेत.

मॅकमिलियन सुटल्यानंतरचा भाग चित्रपटाने, २०१९ साली, जवळजवळ गाळला आहे. सुटकेवर पडदा पाडणे सोयीचे असते. पुस्तक पुढे जाते. वॉल्टर पुन्हा लाकूडतोडीच्या कामाला लागतो, अपघातात मान मोडून घेतो आणि वय होता होता त्याची स्मृती ढासळू लागते. वृद्धाश्रमात त्याला भेटायला गेलेल्या स्टीव्हन्सन ह्यांना तो घाबऱ्या स्वरात सांगतो की, त्यांनी मला पुन्हा त्याच कोठडीत आणून ठेवले आहे. ते त्याची समजूत काढतात. तो ऐकतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारतो. ११ सप्टेंबर २०१३ रोजी तो वारला.